सोळा वाजताचा टाईम

(इंदूर, रोजनिशीतील पाने)

१७ नोव्हेंबर २०१६, गुरुवार
घड्याळवाल्या चाचांकडून माझं एचएमटी जनता परत आलं. उघडलं, धुतलं, तेल घातलं. मजुरी अडीचशे. माझ्याकडे जुनी पाचशेची, त्यांच्या गल्ल्यात शंभराची एक नोट नाही. "रहने दो साहब, टाइम सही निकले तो दे देना." राजवाड्यापासून जेल रोडपर्यंत सगळा बाजार सध्या उधारीवर चाललाय.
रात्री नऊच्या बातम्यांना मिळवलं.

१८ नोव्हेंबर
सकाळी आठ, 'समाचार प्रभात'. चार सेकंद पुढे. अकरा तासांत दोन लाखांच्या आतबाहेर ठोके, त्यात वीस जादा. या वयाच्या यंत्राला वाईट नाही. सरकारने यंदा जानेवारीत एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. माझं चालू आहे.

२० नोव्हेंबर, रविवार
इंदूर-पाटणा. कानपूरच्या अलीकडे पुखरायांजवळ, पहाटे तीनच्या पुढे. डबे एकमेकांत घुसलेत. काल दुपारी इथूनच सुटली होती.
दुपारपर्यंत आकडा वाढतच गेला. हिने टीव्ही बंद केला.
सोळा वाजता गार्डसाहेबांचा फोन. "मास्तर, टाईम द्या."
"सोळा शून्य शून्य."
"मिळाला."
रोज यानंतर गप्पा होतात. आज त्यांनी ठेवला. मीही ठेवला.

२१ नोव्हेंबर
झोप नाही. जनरल रूल्स पाठ म्हणत पडलो. चार-शून्य-एक: गाड्या स्टँडर्ड टाईमवर चालतील, तो टाईम रोज सोळा वाजता मुख्य स्टेशनांना दिला जाईल. चार-शून्य-तीन: गाडी सुटायच्या आधी गार्डने आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाला मिळवायचं, ड्रायव्हरला टाईम सांगायचा, ड्रायव्हर आपलं त्याप्रमाणे लावेल. कंट्रोल, स्टेशन, गार्ड, ड्रायव्हर. कालाकुंडला असताना सोळाची घंटा वाजली की हातातला चहा खाली. घाटात पाऊस, लाइनवर खरखर, सेक्शनमधले सगळे मास्तर एकदम कानाला फोन लावून गप्प. मग कंट्रोलरचा एकच आवाज.
कंट्रोलला कोण देतं, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडायला हवाच असं काही नव्हतं.

२४ नोव्हेंबर
थोरल्याने फ्रँकफुर्टहून कोणाच्या तरी हाती घड्याळ पाठवलं. रेडिओ ऐकून स्वतःच स्वतःला लावून घेतं म्हणे. फ्रँकफुर्टजवळ माइनफ्लिंगेनला मनोरे आहेत, तिथून साडेसत्त्याहत्तर किलोहर्ट्झवर अणुघड्याळाची वेळ अहोरात्र सुटते. दर सेकंदाला लहर जरा दबते, एकोणसाठाव्याला दबत नाही. तो खंड पडला की पुढचा ठोका म्हणजे नवं मिनिट. छान योजना आहे. सगळं सांगून मग एक जागा रिकामी सोडायची.
माहितीपत्रक जर्मन. नातवाने मोबाइलवर वाचून दाखवलं. पल्ला सुमारे दोन हजार किलोमीटर.
इंदूर किती, ते दोघांनीही काढलं नाही.

२५ नोव्हेंबर
तरी रात्री खिडकीत ठेवलं होतं. हिने पाहिलं. काही बोलली नाही. पडदा मात्र सरकवून ठेवला.

२७ नोव्हेंबर, रविवार
आज प्रयोग. आठच्या बातम्यांना तीन ठिकाणी कान: मीडियम वेव्हवर मालवा हाऊसचं इंदूर केंद्र, टीव्हीच्या डब्यावरची आकाशवाणी, नातवाच्या मोबाइलवरचं आकाशवाणीचं अ‍ॅप. एकच टूं-टूं, एकाच दिल्लीची. आधी रेडिओ. टीव्ही त्याच्या मागून, एखाद-दुसऱ्या श्वासाच्या अंतराने. मोबाइल कुठेच नाही. बातमीदाराने दुसरं वाक्य संपवलं तेव्हा मोबाइलला आठ वाजले.
नातू म्हणाला, "आजोबा, बफरिंग असतं."
पहिला रेडिओ तरी निखळ का? दिल्लीहून निघालेला आवाज आधी उपग्रहावर, छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली. पाव सेकंद तिथेच गेला. मग इंदूरच्या मनोऱ्यावरून माझ्या माजघरात. प्रकाशाच्या वेगालाही इतका वळसा घातला की बिल येतंच.
पाव सेकंद मी सोडतो. माझं बोट तेवढं चपळ राहिलेलं नाही.

२८ नोव्हेंबर
जनताचा सेकंदकाटा चावी ओढली तरी थांबत नाही, फिरतच राहतो. त्याला युक्ती आहे. चावी बरीचशी उतरू द्यायची. मग ओढून, काटे उलटे फिरवल्यासारखा अगदी किंचित ताण. काटा थबकतो, कापतो. बोट तसंच धरून ठेवायचं. साठावर आणून उभा करायचा आणि टूं-टूंची वाट बघायची. शेवटच्या टूंला ताण सोडायचा. जास्त ताण दिला तर काटा मागे जातो. चाचांना हे सांगितलं तर रागावतील.
ही स्वयंपाकघरातून: "श्वास घ्या."

३ डिसेंबर, शनिवार
नातवाने बातमी आणली. ३१ डिसेंबरला जगाच्या घड्याळात एक सेकंद जादा घालणार. पॅरिसहून जुलैतच पत्रक निघालंय. १९७२ पासूनचा हा सत्ताविसावा. पृथ्वी अणुघड्याळाच्या तालात फिरत नाही, हळूहळू मागे पडते, म्हणून अधूनमधून तिच्यासाठी थांबायचं.
ग्रिनिचच्या मध्यरात्री घालतात. म्हणजे आपल्याकडे १ जानेवारीची पहाट. पाच एकोणतीस एकोणसाठ, मग पाच एकोणतीस साठ, मग साडेपाच.
गूगल म्हणे साठ दाखवणारच नाही. तो एक सेकंद वीस तासांत वाटून टाकणार, दहा तास आधी, दहा तास नंतर, कोणाला पत्ता लागू न देता. लेट झालेली गाडी पुढच्या प्रत्येक स्टेशनावर थोडी थोडी भरून काढल्यासारखं. कागदावर राइट टाईम. हे आम्हीही केलंय.
गार्डसाहेबांना सोळाला सांगितलं. बराच वेळ गप्प. मग: "साठ? रजिस्टरला साठ कसं लिहिणार?"

६ डिसेंबर
सकाळी जयललितांची बातमी. काल रात्री साडेअकराला.
सोळाचा फोन आला नाही. सतराच्या सुमारास आला. "मास्तर, आज कंट्रोलने उशीर केला." मी म्हटलं, हो.

७ डिसेंबर
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी फोन. ही दचकून उठली. थोरल्याचं काही, असं वाटलं तिला.
"मास्तर, टाईम द्या. गाडी उभी आहे."
"तीन दहा."
"लाइन क्लिअर आहे का?"
आहे म्हटलं. मिळाला म्हणाले. ठेवला.
सकाळी त्यांच्या सूनबाईंचा फोन. काका, माफ करा, आम्हाला कळलंच नाही. मी म्हटलं, अगं त्यात काय, जाग होतीच मला.

८ डिसेंबर
घड्याळ उताणं ठेवलं की पुढे जातं, चावी वर करून उभं ठेवलं की मागे पडतं. रात्री उताणं, दिवसा मनगटावर. म्हणजे दोघांची वजाबाकी आपोआप. फरक तरी पुढेच. चाचांकडे नेलं. भिंग डोळ्याला, मागचं झाकण काढलं. बॅलन्सवरची ती केसाएवढी पट्टी, एका टोकाला एफ, दुसऱ्याला एस. काडीच्या टोकाने एसकडे ढकलली. ढकलली असं म्हणायचं. मला हललेली दिसली नाही.
"अब तंग मत करना इसको एक हफ्ता."
बाहेर पडलो तर थंडीचे गराडू तळत होते. पावशेर घेतले. सुटे दिले, तर गाडीवाल्याने नोट उजेडात धरून पाहिली.

११ डिसेंबर, रविवार
गार्डसाहेबांकडे गेलो. सुदामानगर. टीव्हीवर वानखेडेची मॅच, कोहलीच्या दोनशे धावा झालेल्या. ते पाठ करून बसले होते. पांढरा पायजमा, कडक इस्त्रीचा सदरा, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. एका हातात झेंडी-दिवा असताना मनगट न वळवता बघता यावं म्हणून ती सवय. अजून तशीच.
सूनबाईंनी समोरच्या भिंतीवर मोठं डिजिटल घड्याळ लावलंय. वार, तारीख, वेळ, सकाळ की रात्र तेही. डॉक्टरांनी सुचवलं म्हणाल्या. लाल अक्षरं, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसतात.
गार्डसाहेबांनी मान वळवून ते वाचलं. बरोबर वाचलं. मग मला विचारलं, "हे कोणी मिळवलंय?"
सूनबाई म्हणाल्या, दुकानातूनच लावून आलंय बाबा.
"दुकानात कोणी दिला टाईम?"
तिच्याकडे उत्तर नव्हतं. मी आपलं जनता काढलं. सकाळी आठला रेडिओला मिळवलंय म्हटलं. त्यांनी माझं मनगट धरून आपल्याजवळ ओढलं, स्वतःचं घड्याळ शेजारी धरलं. त्यांचं तीन मिनिटं मागे. चावी ओढली. बोटं थरथरत होती, पण चावी धरल्यावर थरथर थांबली. लावलं. "मिळाला."
मला नावाने हाक मारली नाही. मास्तर म्हणाले. ते नेहमीचंच, त्यावरून काही ठरवता येत नाही.
निघताना पोहे. वर शेव, डाळिंब. त्यांनी सूनबाईंना विचारलं, मास्तरांची गाडी किती वाजता?

१२ डिसेंबर
रिक्षाने येताना वाटेत उगाच 'किती वाजले' विचारलं रिक्षावाल्याला. त्याने मोबाइल काढला. दिवसभरात कोणाच्या मनगटाकडे बघून वेळ कळत नाही हल्ली. पूर्वी १७४ फिरवलं की बाई सांगायची.

१४ डिसेंबर
थोरल्याच्या मुलासारखाच धाकट्याचा हाही. गप्प बसवत नाही. कुठलं तरी अ‍ॅप शोधून काढलं. जर्मन घड्याळाभोवती इअरफोनची तार गुंडाळली, आवाज पूर्ण, आणि मोबाइलमधून साडेपंधरा किलोहर्ट्झचा आवाज सोडला. त्याच्या पाचपट म्हणजे साडेसत्त्याहत्तर, हे त्याने मला शिकवलं. तारेतून फुटणाऱ्या त्या बारक्या लहरीला घड्याळ माइनफ्लिंगेन समजतं.
नातवाला एक बारीक शिट्टी ऐकू येत होती. मला नाही. हिलाही नाही. खोलीत तिघे, वाजतंय ते एकालाच ऐकू.
काटे एकदम गरगर फिरले आणि भारतीय वेळेवर येऊन थांबले. नातवाने टाळ्या पिटल्या. मीही कौतुक केलं. पण हे ऐकलं ते मोबाइलचं. मोबाइलने कंपनीच्या टॉवरचं किंवा इंटरनेटचं. मनोरा मध्ये कुठे आलाच नाही, फक्त त्याचं सोंग आलं.
घड्याळ मात्र बरोबर आहे. ते नाकारता येत नाही.

१६ डिसेंबर
फिलिप्सच्या शॉर्टवेव्हला नवी तार बांधली, गच्चीच्या पाइपापासून पेरूपर्यंत. दहा मेगाहर्ट्झ. पूर्वी इथे दिल्लीचं एटीए लागायचं. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचं, १९५९ पासूनचं. कंट्रोलला कोण देतं याचं उत्तर शोधत गेलं की शेवटी तिथेच पोचतो. त्यांच्या सीझियमच्या घड्याळांवर देशाची वेळ चालते.
आता त्या जागी मला चीनच ऐकू येतो. बीपीएम. टिक, टिक, टिक, मागे समुद्रासारखी खरखर नव्हे, साधी खरखर. तासातल्या पंचवीस ते एकोणतीस आणि पंचावन्न ते एकोणसाठ या मिनिटांना टिकटिक जाड होते. ती पृथ्वीची वेळ. बाकीची अणूची. कान देऊन ऐकलं की बदलाच्या जागी ताल चुकल्यासारखा वाटतो. पृथ्वी सध्या चार दशांश सेकंद मागे आहे. १ तारखेला सेकंद घातला की ती सहा दशांश पुढे जाईल. म्हणजे बरोबर कधीच नाही. आधी मागे, मग पुढे.

१७ डिसेंबर
पहाटे साडेपाचची रंगीत तालीम. बीपीएम उपयोगाचं नाही. तासाच्या आधीचं अख्खं मिनिट ते स्वतःचं नाव सांगण्यात घालवतं. आधी मोर्समध्ये, मग चिनी बाई. टिकटिक बंद. सेकंद पडणार तो नेमका त्याच मिनिटात.
मग बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस. सहा पिप. १९२४ पासूनची पद्धत, ग्रिनिचच्या राजखगोलशास्त्रज्ञ डायसनच्या वेळची. पाच आखूड, सहावा लांब, आणि लांबट्याच्या सुरुवातीला तास भरतो. जादा सेकंद असला की सहाचे सात.
आवाज येतो-जातो. दोन पिप नीट, एक गडप, पुन्हा तीन. तार पूर्वेकडे फिरवून बघायला हवी.
ही शाल घेऊन गच्चीत आली. "एक सेकंदासाठी निमोनिया करून घ्या."

१९ डिसेंबर
करुण नायर नाबाद ३०३. दिवसभर तेच.
सोळा वाजता फोन नाही. सतरा नाही. रात्री नाही.

२० डिसेंबर
सूनबाईंशी बोललो. मोबाइल त्यांच्याकडून काढून घेतलाय. रात्री कोणालाही लावतात. परवा पोलीस कंट्रोल रूमला लावून टाईम मागितला. ते नम्रपणे बोलले म्हणाल्या, पण भीती वाटते.
मी म्हटलं, हरकत नाही. घरातला जुना फोन कुठे असतो?
दिवाणखान्यात. त्यांच्या खुर्चीशेजारीच.
सोळा वाजता मीच लावला. बरीच घंटा. उचलला. पलीकडे नुसता श्वास.
"सोळा शून्य शून्य," मी म्हटलं.
"मिळाला."

२१ डिसेंबर
पुन्हा.
असंच तर होतं मुळात. टाईम कंट्रोलच द्यायचा, स्टेशनने मागायचा नसतो.

२२ डिसेंबर
बँकेत रांग. भिंतीवरच्या घड्याळात आत्ताच बारा, माझ्या घड्याळात अकरा बावन्न. जेवणाची सुट्टी कोणत्या घड्याळाने होते ते पाहायला थांबलो. भिंतीच्या.
चाचांचे अडीचशे दिले. आठवड्यात घड्याळ पुढेमागे मिळून सहा सेकंद. ते खूश झाले नाहीत. "छह? और बारीक हो सकता है." मी म्हटलं, नको, राहू द्या.

२५ डिसेंबर, रविवार
उज्जैन. हिला महाकाल, मला वेधशाळा. सवाई जयसिंगाची, शिप्रेच्या जवळ. पडझड झालेली १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. आमच्या मराठीतले गोविंद सदाशिव आपटे इथे अधीक्षक होते. ज्योतिष आणि गणित, दोन्हीत पाय रोवलेला माणूस.
सम्राट यंत्र. चुन्याची तिरपी भिंत, दोन्ही बाजूंना कमानी, त्यावर सावली सरकते. मुद्दाम आजचा दिवस धरला. सूर्य वर्षभर घड्याळाच्या पुढेमागे धावतो, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा पुढे. वर्षात चारदा जुळतो. त्यातला एक आज. म्हणून आज कोष्टक बघायला नको. फक्त उज्जैन आणि साडेब्याऐंशी रेखांश यांतलं अंतर, सत्तावीस मिनिटं.
माझ्या घड्याळात बारा सत्तावीस. सावली बारावर. बारावरच का? सावलीची कड जवळून पाहिली तर धारदार नाही, करड्या रंगात विरघळते. सूर्याची थाळीच आकाशात दोन मिनिटं रुंद आहे. त्या करड्या पट्ट्यात कुठे बोट ठेवायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. गाइडने एका जागी ठेवलं, मी दुसऱ्या. तिथे एक शाळेतली मुलगी होती, तिने तिसऱ्या.
एके काळी रेखांश इथूनच मोजायचे. सगळ्या देशाची मध्यान्ह या नदीकाठी. पंचांगकर्त्यांच्या लेखी अजून आहे. इंदूर इथून जरा पूर्वेला, त्याची स्वतःची वेळ स्टँडर्डच्या साडेसव्वीस मिनिटं मागे. मुंबईने तर १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ सोडली नाही, एकोणचाळीस मिनिटं मागे. वडील मुंबईला उतरले की म्हणत, स्टेशनात एक वाजलाय, गावात अजून वाजायचाय. जेवायचं कोणत्या वेळेने, हा प्रश्न त्यांना खरंच पडे. लढाईत सरकारने आणखी एक तास पुढे ढकलला होता, १९४२ ते ४५. त्या वर्षांत अंधारात शाळेत जायचो, असं मोठी बहीण सांगायची.
परतताना बसमध्ये सोळा वाजायला आले. मोबाइलवरून सूनबाईंच्या घरचा फोन लावला. रस्त्याचा आवाज. "सोळा शून्य शून्य."
"कुठून बोलताय?"
"उज्जैन."
"उज्जैनचा टाईम नको," म्हणाले. "स्टँडर्ड द्या."
स्टँडर्डच दिला.

२७ डिसेंबर
सर्दी. गच्ची बंद, हिचा हुकूम.

२९ डिसेंबर
थोरल्याशी बोललो. त्यांच्याकडे तो सेकंद रात्री एकला पडेल. माइनफ्लिंगेन तासभर आधीपासून सूचना द्यायला लागतं, या तासाचं शेवटचं मिनिट एकसष्ट सेकंदांचं आहे म्हणून. फटाके उडवून मग खिडकीत बसतो म्हणाला. तो बसणार नाही. पण म्हणाला.
जीपीएसला तर लीप सेकंद ठाऊकच नाही. ते आपलं सरळ मोजत बसलंय. सध्या सतरा सेकंद पुढे, रविवारपासून अठरा. पडद्यावर येण्याआधी कुणीतरी वजा करतं. स्टेशनांवर आता जीपीएसचीच घड्याळं लागतायत.

३० डिसेंबर
जुन्या नोटा भरायचा शेवटचा दिवस. आमच्या संपल्या होत्या. हिच्या लाडवाच्या डब्यातून एक पाचशेची निघाली. संध्याकाळी, बँक बंद झाल्यावर. दोघंही हसलो.
गार्डसाहेबांना विचारलं, रविवारी पहाटे जागे असाल?
"ड्युटी आहे का?"
आहे म्हटलं. पाच एकोणतीसला.
सूनबाई मागून म्हणाल्या, काका, चारलाच उठलेले असतात रोज.

३१ डिसेंबर, शनिवार
साडेसातला पंतप्रधानांचं भाषण. नेमक्या त्याच वेळी गूगलने सेकंद ताणायला घेतला असणार. नातवाचा मोबाइल आणि माझं जनता शेजारी ठेवून बघत बसलो. काही दिसायचं नव्हतंच.
तार फिरवून बांधली. सेल नवे. जनता आठला मिळवलं, पुन्हा नऊला पाहिलं.

१ जानेवारी २०१७, रविवार
पाच वाजता गच्चीत. खाली कुठेतरी रात्रीचं गाणं अजून चालू. पाच वीसला फोन लावला, दोन घंटांत उचलला.
"गार्डसाहेब, लाइनवर राहा."
"आहे."
बीबीसी लागलं, सुरुवातीला स्पष्ट. पाच सत्तावीसला आवाज बसायला लागला. तार हाताने धरली तेव्हा जरा वर आला. मग एका हातात तार, दुसऱ्या हातात फोन, तो रेडिओच्या जाळीला टेकवलेला. माझा कान मोकळ्या हवेत.
पिप सुरू झाले. एक. दोन. तीन. चार. मग सूं-सूं. त्यातच एक असावा. दोन असावेत. लांबट्याचं शेपूट ऐकू आलं, ते नक्की. बाई बातम्या वाचायला लागली.
माझं जनता साडेपाच आणि एक सेकंद. ते सेकंद घालत नाही, त्याला कोणी सांगितलेलं नाही.
फोन कानाला लावला.
"सात," गार्डसाहेब म्हणाले. "एक जादा दिला कंट्रोलने."
"नक्की सात?"
"मास्तर, मोजलेत."
बोटांवर मोजले होते, सूनबाईंनी नंतर सांगितलं. फोन खांद्यात धरून, एकेक बोट मिटत.
लिहून ठेवलं: ०५.२९.६०, प्राप्त, गार्ड.

सोळा वाजता लावला. पहाटेचं आठवत असेल असं धरलं नव्हतं.
"सोळा शून्य शून्य."
"मिळाला." मग थांबून: "तो सकाळचा एक सेकंद. डिटेन्शन कोणाच्या खात्यात टाकलंत?"
मी म्हटलं, अजून कोणाच्याच नाही.
"ट्रॅफिकच्या टाकू नका. गाडी तयार उभी होती."
"मग? लोकोच्या?"
"लोको घेणार नाही. इंजिनिअरिंगच्या टाका. तेच कधी काही बोलत नाहीत."
मी म्हटलं, इंजिनिअरिंगवाले लेखी मागतील. ते म्हणाले, मागू देत, गार्डचं रजिस्टर आहे.